लीद झेलणारा जावई

स्वच्छतेच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस त्या काळी अख्ख्या जेजू बेटावर नव्हता! राजधानी सोलच्या औषध कारखान्यात बाटल्या उकळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे सासरेबुवा थोरल्या भावाच्या साठीला बोटीनं निघाले आणि गारा घोडी कुणावर सोपवायची असा प्रश्न आला, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "माझ्यावर!"

सासरेबुवांनी मला नखशिखांत न्याहाळलं. लग्न होऊन, मुलगी होऊनही त्यांनी मला कधी जावई म्हटलं नव्हतं. 'साहेब' म्हणायचे, तेही ओठ वाकडे करून.

"गारा नुकतीच व्यालीय, साहेब. शिंगराला काही झालं ना, तर सोलचं परतीचं तिकीट मीच काढून देईन. एकट्याचं!"

माझी बायको मालसुन मांडीवरच्या तान्हीला थोपटत खुदकन हसली. मला मात्र हसू आलं नाही.

काय तो तबेला होता! काळ्या दगडांच्या फटींतून वारा शीळ घालायचा आणि सातूच्या पेंढ्याचा वास नाकात भरून राहायचा. आज तिथं संत्र्यांची बाग आहे. तिकडून जाताना अजून माझी पावलं रेंगाळतात.

तर पहिल्याच सकाळी पाहतो तर काय! गाराचं शिंगरू आईची ताजी लीद खात होतं. चवीचवीनं! सणाला आपण तांदळाची गरम वडी खावी तसं!

"थू! थू! टाक ते!" मी ओरडलो.

त्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि दुसरा घास घेतला.

मी तबेला घासून लख्ख केला. तासाभरात पुन्हा तेच! मग शिंगराच्या तोंडाला मुसकं बांधलं. पण मुसक्यातून त्याला दूधही पिता येईना. ते रडलं, गारानं लाथ झाडली आणि माझी बादली भिंतीवरून उडून शेजारच्या बु काकूंच्या मुळ्यांच्या वाफ्यात पडली!

"सोलमध्ये बादल्या उडतात का रे?" काकूंनी विचारलं.

आता एकच उपाय होता. लीद जमिनीला लागूच द्यायची नाही! टोपली घेऊन मी गाराच्या मागे लागलो. ती चालली की मी चाललो. तिनं शेपूट उचललं की माझी टोपली हजर! दुपारपर्यंत भिंतीपलीकडे निम्मं गाव जमलं.

"काय करतोयस रे?"

"झेलतोय!"

"आणि यासाठी मालसुननं बंदरावरच्या कारकुनाला नकार दिला!" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. पण टोपलीतला माल रोज आपल्या मुळ्यांना घालायला त्या विसरल्या नाहीत.

असे काही दिवस गेले आणि शिंगराला हगवण लागली. आधी उड्या थांबल्या, मग ते आडवंच झालं. मी जवळ बसलो, तर त्यानं मान माझ्या मांडीवर टाकली. खरं सांगतो, तेव्हा मला ते तिकीट आठवलंसुद्धा नाही.

मी धावत दुकानात गेलो आणि तिथून जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"दूध पितंय?"

"थोडं थोडं."

"आईची लीद खातंय ना?"

"छे!" मी अभिमानानं म्हणालो. "एक कण तोंडात जाऊ दिलेला नाही, डॉक्टर!"

"अहो भल्या माणसा, गवत पचवणारे जंतू त्याला मिळणार कुठून? आईच्या पोटातूनच ना! ते लिदेतून येतात. तिनं वाढलेलं ताट तुम्ही रोज उचलून फेकताय! खाऊ द्या त्याला. मी औषध घेऊन निघतोच."

तबेल्यात लिदेचा कण नव्हता. सगळी काकूंच्या मुळ्यांखाली! आणि गारा माझ्याकडे पाठ करून ढिम्म उभी.

"गाराबाई, माझे आई, एकदाच!" मी हात जोडले. "झालं गेलं विसर!"

अखेर शेपूट हललं. टोपली कुठं सापडेना! मी अंगातला, सोलहून आणलेला पांढरा सदरा दोन्ही हातांनी पुढे धरला आणि झेलली! शिंगरानं मान उचलली, हुंगलं, मग ते लटपटत उठलं आणि सदऱ्यातूनच खायला लागलं.

"खा रे, माझ्या राजा!" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

नेमके त्याच वेळी सासरेबुवा दारात! साठीचा कोरा पोशाख, हातात मिठाईचा डबा.

"साहेब," ते सावकाश म्हणाले, "घरात वाडगे नव्हते?"

मी सगळं कबूल केलं. ते खाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "शिंगरं लीद खातात हे पाहत होतो. पण मला वाटायचं, वांडपणा आहे!" मग माझ्या बरबटलेल्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "चला जावईबापू, घरी."

आता सासरेबुवा नाहीत, गाराही नाही. शिंगरू त्या दुखण्यातून उठलं आणि पुढे माझ्या मुलीला पाठीवर घेऊन हिंडलं. ती 'जावईबापू'ची हाक अजून कानात आहे.

तर त्या हाकेनं मी तरंगतच घरी पोचलो. मालसुन ओट्यावर तान्हीला पाजत होती. मी दोन्ही हात पुढे केले.

"दे तिला इकडे! डॉक्टर म्हणाले, असले जंतू लेकरांना चांगले असतात!"

मालसुन नाक दाबून तान्हीसकट आत सरकली आणि दार धाडकन लागलं.

"आईचे!" आतून आवाज आला. "बापाचे नाहीत! नळ अंगणात आहे!"