छतावर सावली आढळली

ॲप: सुप्रभात, प्रणीत. आज आकाश स्वच्छ आहे. तुमच्या गच्चीवर भरपूर वीज तयार होईल.

झाली नाही.

हेब्बाळच्या ऑफिसात प्रणीत डबा उघडा ठेवून मोबाइलकडे बघत होता. बाहेर असं ऊन, की स्कूटरच्या सीटला हात लावता येत नव्हता. आणि बनशंकरीत, त्याच्या घराच्या गच्चीवर, नवेकोरे सोलर पॅनल शून्य वीज काढत होते.

ॲप: छतावर सावली आढळली. कृपया जवळचं झाड छाटा.

हे पॅनल आले मनस्विनीमुळे. ती पुण्याची, कोरमंगलात पर्यावरण जपणाऱ्या वस्तूंचं दुकान चालवायची. प्रणीतची आई वसुमती घरी कोहळ्याचे सांडगे करून विकते. मनस्विनीने ते एका मेळ्यात चाखले आणि दुकानात कायमचे ठेवायची तयारी दाखवली. फक्त एवढंच विचारलं, की माल बनवताना वीज कुठली वापरता? मी येऊन बघेन आणि मग ऑर्डर देईन.

खरं तर वीज वापरतच नव्हते. गच्चीवर आजोबांची जुनी धोतरं, धोतरांवर सांडगे, कावळे हाकायला काठी घेऊन वसुमती. पण हे सांगायची प्रणीतला लाज वाटली. तो म्हणाला, "सोलर." एकदा म्हणून बसल्यावर ते खरं करणं भाग होतं. एक कोपरा सोडून गच्ची भरून पॅनल बसले, खाली विजेवर चालणारं वाळवणाचं यंत्र आलं. आणि आता वीजच नाही. मनस्विनी येणार, शून्य बघणार, आईची ऑर्डर जाणार.

जवळ झाड एकच होतं: शेजारच्या चंद्रकांत अण्णांचा शेवगा.

"अण्णा, स्वल्प एक फांदी तोडाल का?" प्रणीतने फोनवर विनवलं.

अण्णांनी आधी प्रणीतच्या गच्चीकडे पाहिलं. मग समोरच्या ताटलीकडे पाहिलं. त्यात वसुमतीने पाठवलेले तळलेले सांडगे होते.

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "तोडतो."

ॲप: छतावर सावली आढळली.

दुसरी फांदी गेली. मग तिसरी. घरात आठवडाभर शेवग्याच्या शेंगांचं सांबार झालं, आणि वसुमती ते खाली मान घालून वाढत राहिली. शेजारी सांडग्यांची ताटली आता दोन्ही वेळेला जाऊ लागली.

"अण्णा, अजून दाखवतंय."

"आता नुसता खांब उरलाय, प्रणीत. त्याची सावली माझ्याच डोक्यावर पडते."

मनस्विनीची पाहणी ठरली. प्रणीतने रजा टाकली, पण घरी कळवलं नाही. कळवलं असतं तर आईने शिरा आणि नारळ-ब्लाउजपिसाचा घाट घातला असता. भर दुपारी तो तिला घेऊन थेट जिना चढला. ऊन कडक, झाड संपलेलं, आता तर वीज व्हायलाच हवी.

गच्चीवर पॅनल दिसले नाहीत. धोतरं दिसली. प्रत्येक पॅनलवर एक, कोपरे दोऱ्याने बांधलेले, वर सांडग्यांच्या रांगा. मधोमध छत्रीखाली वसुमती, हातात काठी. पलीकडच्या गच्चीवर चंद्रकांत अण्णा खुर्ची टाकून बसले होते, रोजच बसत असावेत तसे.

"आई, हे काय?"

"सांडगे."

"खाली मशीन आहे ना."

"त्यातले दगड होतात रे. तळले तरी फुलत नाहीत." तिचा आवाज बारीक झाला. "तुला वाईट वाटू नये म्हणून तू यायच्या वेळेला रिकामंच चालू करून ठेवते."

"आणि अण्णांचं झाड?"

वसुमतीने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी आकाशाकडे.

"सांगितलं असतं तर ताटली बंद झाली असती," ते म्हणाले.

मनस्विनी पॅनलांमधून फिरली. धोतराला हात लावून पाहिला, चटका बसला.

"म्हणजे काकू, हे सगळं डायरेक्ट उन्हात? वीज अजिबातच नाही?"

"माझ्या सासूच्या वेळेपासून."

"मग पॅनल कशाला लावले?"

प्रणीतने तोंड उघडलं. आता खरं सांगायलाच हवं होतं, आणि खरं असं होतं की त्याला धोतरांची लाज वाटली होती.

"त्यानेच लावले," वसुमती आधी बोलली. "फरशीवर वाकून वाकून माझी कंबर गेली होती. आता उभ्याने होतं. काच तापते, वरून ऊन, खालून ऊन. स्वल्प उतार आहे, कोहळ्याचं पाणी निथळून जातं. असं सुचायला डोकं लागतं."

प्रणीतने तोंड मिटलं.

मनस्विनी हसत खाली उतरली, पाच सांडगे खाऊन वर आली, आणि ठरलं होतं त्याच्या दुप्पट माल मागून गेली.

संध्याकाळी प्रणीतने यंत्र परत करायला आणि आणखी पॅनल मागवायला कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस हरखला. वीज पुरत नाही का सर, असं त्याने विचारलं.

प्रणीत म्हणाला, "जागा पुरत नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार. वसुमती सकाळीच धोतरं घेऊन वर गेली. थोड्या वेळाने तिच्यामागे काठी घेऊन प्रणीत. त्याच्या खिशात मोबाइल वाजला.

"काय म्हणतंय?" वसुमतीने विचारलं.

"छतावर सावली आढळली."

"त्याला सांग, वाळले की काढते."