नदीचा मुक्काम

नीडरवेर या जर्मन गावात नदी दर आठवड्याला एका घरी मुक्कामाला असते. सोमवारी सकाळी आठला ती दारातून आत येते, तळमजल्यावर छातीइतकी चढते आणि पुढच्या सोमवारी आठला निघते. खालच्या अंगाला वीस मिनिटांवर मोठं शहर आहे, ते कोरडं राहावं म्हणून ही व्यवस्था. रिकाम्या घरात नदी थांबत नाही, त्यामुळे पाळीच्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी घरीच राहायचं. दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकते. नदी गेली की पायऱ्या पुसून पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची. जिने झाडायच्या पाळ्याही इथे अशाच चालतात. सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचं, पण सतरा वर्षं झाली त्याला.

मार्चमध्ये आमच्या शेजारी फ्राउ हाउक यांची पाळी होती. त्यांचे यजमान एगॉन तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेले. कण्याला मार, त्यामुळे आडवंच ठेवायचं, आणि वळणाच्या जिन्यातून आडवा माणूस वर जात नव्हता. आम्ही चौघांनी स्ट्रेचर लावून पाहिलं होतं.

नगरपालिकेतले कारकून हेर (म्हणजे श्रीयुत) क्रेत्शमर सहानुभूतीने म्हणाले, "अदलाबदल करता येते. पुढच्या पाळीवाल्याची सही आणा."

पुढची पाळी आमची. फ्राउ हाउक फॉर्म आणि सफरचंदाचा केक घेऊन आल्या.

"हेर मोडक, एकच आठवडा. शुक्रवारी डॉक्टर त्यांना बसवणार आहेत. मग वर नेता येईल."

माझी बायको वैजयंती मराठीत म्हणाली, "सही करा अन् मोकळे व्हा."

"नवी लाकडी जमीन उचकटायला आठवडा लागेल," मी म्हणालो. मग फ्राउ हाउकना त्यांच्या भाषेत सांगितलं, "नियम सगळ्यांना सारखेच." हे वाक्य मी इथेच शिकलो. उच्चार अगदी स्वच्छ येतो.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. फॉर्म नेला, केक ठेवून गेल्या. वैजयंतीने त्याला हात लावला नाही. मी दोन तुकडे खाल्ले.

सोमवारी नदी त्यांच्याकडे गेली. मी आठवडाभर फळ्या उचकटल्या.

पुढच्या सोमवारी फ्राउ हाउकनी पायऱ्या पुसल्या, पाटी आमच्या दाराला लावली आणि म्हणाल्या, "सांभाळून. ते उजव्या कुशीला वळतात."

आठ वाजता नदी आमच्या घरात आली. तिच्याबरोबर एगॉन आले, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, पलंगासकट. जेवणाच्या टेबलाच्या जागी ते आठवडाभर तरंगत राहिले. फ्राउ हाउक रोज दुपारी खिडकीशी येऊन त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. वैजयंती त्यांच्यासाठी आतून तावदान उघडून द्यायची. माझ्याशी ती बोलत नव्हती. मी जिन्यावर बसून असायचो. मला लाज वाटत होती, आणि भूकही लागत होती.

मग एगॉन रीतसर पलीकडच्या घरी गेले.

गावात चौऱ्याहत्तर घरं आहेत. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते पुन्हा आमच्याकडे येतील.