होडीआधी घर बघणारे हिराजीनाना

जुनी होडी घ्यायची असली की लोक रोह्याच्या हिराजीनानांना सोबत नेत. नाना होडीकडे बघतही नसत. आधी विकणाऱ्याच्या घरात शिरून त्याच्या बायकोला विचारत, "नारळी पुनवेला होडीला कुंकू लावलंस, तवा ती कंच्या अंगाला कलली होती गो?"

बाई अडखळली की नाना चपला घालत. "कागद कुनीबी आनील. चोरीची होडी घरातल्या बाईला ठाऊक नसते."

घर पसंत पडलं तर मग होडीत आडवे होत आणि डोळे मिटत. एकदा दावं सुटलं आणि नाना झोपेतच कुंडलिका नदीवरून वाहत गेले. भरतीबरोबर दुपारी परत आले आणि म्हणाले, "घ्या. घर ओळखते ही."

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मलाही होडी हवीशी झाली. पेणच्या खाडीवर एक निळी होडी स्वस्तात मिळत होती. इंजिनाचा नंबर खरवडलेला. नानांना घेऊन गेलो, तर विकणारा म्हणाला, "बायको माहेरी गेलीय."

"मग ती येईस्तवर थांबू," नाना म्हणाले.

मला धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन ती घेऊन आलो. महिनाभर धुक्यातून तरंगलो. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, तेही कळत नसे.

मग पोलिसांबरोबर होडीची खरी मालकीण धक्क्यावर आली. होडीकडे पाठ करून तिने फळीफळीची खूण सांगितली. होडी गेली.

"मास्तर, तुमच्यासारखा शिकलेला मानूस फसला?" कुणीतरी हसलं.

"नानांनीच पारखून दिली होती," मी म्हणालो.

नाना तिथेच जाळं विणत होते. मान वर केली नाही. त्यानंतर त्यांना कुणी होडी बघायला बोलावलं नाही.

नाना एकटेच राहतात. ओशाळून मी रोज सकाळी त्यांच्याकडे चहाला जाऊ लागलो. अशी सहा वर्षं गेली. गेल्या आठवड्यात अखेर म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी खोटं बोललो. आता धक्क्यावर सगळ्यांना खरं सांगतो. लिहूनही काढतो."

नानांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली.

"तवाच बोललो असतो मी," ते म्हणाले, "पन दुसऱ्या दिशी तुमी चाय प्यायला आलात. सांगा सगल्यांना, मास्तर. पन उद्याबी या."