मागच्या खोलीतलं यान

धुण्याचं मशीन दुरुस्तीला देण्याऐवजी आपणच उघडून बघावं, असं चष्मेवाल्यांनी एका सुट्टीच्या दिवशी ठरवलं. तेवढं ठरवलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चष्मेवाले पडले हौशी. दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांना काचा लावणारा हा माणूस घरी आला की कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय राहत नसे (उघडलेली पुन्हा बंद होईच असं नाही).

मशीनचा बिघाड काही सापडला नाही. सापडलं ते भलतंच. कपडे पिळायची वेळ आली तशी मशीन थडथडलं आणि चक्क चालू लागलं. चाकं नाहीत, कुणी ढकललेलं नाही, तरी ते मोरीतून निघालं ते थेट दारापर्यंत आलं आणि नळीची लांबी संपली म्हणूनच थांबलं. हातात पाना धरून चष्मेवाले आ वासून बघत राहिले. त्यांच्या अंगावर काटा आला. आपल्या घरात काहीतरी फार मोठं घडलंय आणि ते आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं त्यांना वाटलं. (बायको घरी आली तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं ते ओल्या जमिनीबद्दल.)

तेव्हापासून मागची खोली हातची गेली. दुकानातली काच घासायची जुनी मोटर तिथे आली, पितळी वजनं आली, लोखंडी दांडे आले, आणि बरेच महिने बोटं चेचून घेतल्यावर एक यंत्र उभं राहिलं. कल्पना साधी होती. मोटरवर दोन दांडे गरगरा फिरायचे आणि दांड्यांवर वजनं. वजनं पुढे आली की दांड्याच्या टोकाशी जायची, मागे गेली की आत ओढली जायची. म्हणजे पुढचा हिसका मोठा, मागचा लहान, आणि जो हिसका शिल्लक उरेल तो यंत्राला पुढे नेणार. त्याला चाक नको, पंखा नको, खाली जमीनसुद्धा नको. जमीन नको म्हटल्यावर आकाश मोकळंच होतं. चष्मेवाले त्याला यान म्हणत. बायको त्याला खटारा म्हणे.

आता बायको कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. विद्यार्थ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिला बाईच म्हणत, त्यामुळे आपणही बाईच म्हणू. बाईंचं म्हणणं एवढंच, की स्वतःच्या कॉलरला धरून कुणाला स्वतःला उचलता येत नाही. जग असंच आहे, आणि ते असं आहे याचंच त्यांना फार नवल वाटायचं. वर्गात हा धडा शिकवताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. चष्मेवाल्यांना वाटे, हिने खोलीत येऊन एकदा नुसतं बघावं. बाईंना वाटे, यांनी एकदा नुसतं ऐकावं.

हा वाद असाच जन्मभर सुखाने चालला असता. पण बाईंच्या आईने एकटीने राहणं सोडून लेकीकडे कायमचं यायचं कबूल केलं, आणि खोलीचा प्रश्न उभा राहिला. सासूबाईंची खाट मागच्या खोलीतच मावणार होती, आणि यान तर तिथून हलायला तयार नव्हतं. म्हणजे हलत होतं. तोच तर वाद होता.

सासूबाई आल्या, आणि चष्मेवाल्यांनी सामान उतरवायच्या आधी त्यांना यान दाखवलं. बटण दाबताच वजनं फिरू लागली, पत्र्याचे चारी पाय थरथरले आणि यान खटक खटक करत फरशीवरून त्यांच्याकडे निघालं. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. इतक्या वयात त्यांनी पुष्कळ काही पाहिलं होतं, पण बिनचाकाचं यंत्र असं आपल्या दिशेने चालत येताना पाहिलं नव्हतं. त्या तिथेच जावयाच्या पक्षात गेल्या.

"जावईबापू, मी बाहेर हॉलमध्ये झोपेन," त्या म्हणाल्या. "याला बेघर करू नका."

"आई, ते जमिनीलाच ढकलतंय," बाई म्हणाल्या. "हळू हिसक्याला पाय फरशीला चिकटून राहतात, जोराच्या हिसक्याला सुटतात. फरशी नसेल तर जागच्या जागी हलेल नुसतं."

"मग फरशी काढून बघू," चष्मेवाले म्हणाले.

असं ठरलं की यान टांगायचं. दोरी एका बाजूला झुकली आणि तशीच झुकलेली राहिली, तर खोली यानाची. सरळ राहिली तर खोली सासूबाईंची आणि यान माळ्यावर. चष्मेवाले हो म्हणून बसले, आणि मग त्यांना जेवण गेलं नाही.

हॉलमधला पंखा उतरवून त्याच्या हुकाला यान टांगलं. निकाल कोणी द्यायचा यावर पुन्हा वाद झाला. नवऱ्याच्या डोळ्यांवर बाईंचा भरवसा नव्हता आणि बायकोच्या मनावर चष्मेवाल्यांचा. म्हणून सासूबाईंना समोर खुर्चीवर बसवलं. जावयाने आदल्याच दिवशी स्वतः घासून दिलेला दुहेरी काचेचा (वरून लांबचं, खालून वाचायचं) चष्मा त्यांनी पुसून डोळ्यांवर चढवला आणि न्यायाधीशासारख्या ताठ बसल्या.

बटण दाबलं. यान आधी थरथरलं, मग घुमू लागलं, आणि पितळी वजनांचं एक पिवळं धुकंच तयार झालं. खाली काही नाही, बाजूला काही नाही, आणि मधोमध ते लोंबकळत गुणगुणतंय. तिघांनीही श्वास धरून ठेवला.

"गेलं," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. "दोरी वर सरळ आहे, खाली बाजूला गेलीय. आणि तिथेच थांबलंय ते."

चष्मेवाल्यांना स्वतःला दोरी सरळच दिसत होती, पण डोळे भरून आल्यामुळे आपल्यालाच नीट दिसत नसणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाई आईच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, वाकल्या आणि एक डोळा मिटून तिच्या चष्म्यातून बघू लागल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तरी त्यावर एक विलक्षण उजेड होता.

त्यांनी बटण बंद केलं. यान घुमत घुमत शांत झालं.

"आई, आता?"

"आता आवाज गेला."

"आणि दोरी?"

"दोरी तशीच की. बंद पडूनही तिकडेच राहिलंय. कमाल आहे."

बाईंनी वळून दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आई, मान न हलवता दाराची चौकट बघ."

सासूबाईंनी बघितली. "अगं बाई, ती पण मधून तुटून बाजूला गेलीय. यानाने ओढली वाटतं."

वरच्या काचेतून दोरी सरळ आणि खालच्या वाचायच्या काचेतून सरकलेली, म्हणजे काय, हे चष्मेवाल्यांच्या धंद्यात कालच्या पोरालाही कळतं. खालची काच बसवताना ती बाजूला गेली होती, आणि ती बसवताना त्यांचं चित्त कुठे होतं हे त्यांना विचारायची गरज कुणालाच पडली नाही. त्यांनी पुढे होऊन सासूबाईंचा चष्मा काढायला हात केला.

सासूबाईंनी तो धरून ठेवला. "नीट करा, पण एवढ्यात नको," त्या म्हणाल्या. "अजून थोडा वेळ बघू दे."

बाई नवऱ्याशेजारी येऊन बसल्या. यान त्यांच्यासमोर दोरीला अगदी सरळ लटकत होतं. "खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "मला क्षणभर वाटलं, मी इतकी वर्षं शिकवलं ते सगळं चुकलं. भीती वाटली. पण तुम्हाला म्हणून सांगते, आनंद त्याहून जास्त झाला."

एवढ्यावर चष्मेवाल्यांना खोली गेल्याचं दुःख करता येईना. त्याच दिवशी त्यांनी चष्मा नीट करून दिला, यान माळ्यावर चढवलं आणि मागच्या खोलीत खाट लावली. पण नव्या घरात एकटीला झोप लागायची नाही, असं सासूबाई म्हणाल्या. त्या लेकीजवळ मोठ्या खोलीत झोपल्या, आणि मागची खोली चष्मेवाल्यांनाच मिळाली. हरलेली पैज अशी अर्धी परत आल्यावर ते निवांत झोपले.

सकाळी चहाच्या वेळी सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "जावयांनी हार मानली नाही हो. रात्रभर यान चालू होतं. भिंत थरथरत होती."

"यान कालच माळ्यावर गेलंय, आई," बाई चहा ओतत म्हणाल्या. "ते घोरतात."

सासूबाईंचा विश्वास बसला नाही. त्या कप ठेवून उठल्या, दुरुस्त झालेला चष्मा लावला आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे विस्फारलेले होते.

"अगं, खाट भिंतीपासून चांगली हातभर सरकलीय."

बाईंनी समोर चहा पीत बसलेल्या नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"टांगून बघायला हवं," त्या म्हणाल्या.