सोफ्यातली शेंग

सोफे दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या घरी त्याची मेहुणी आठ दिवसांसाठी आपली कुत्री ठेवून गेली. डॅशहुंड, आणि त्यातही सगळ्यात लहान चणीची. अंग लांबुळकं, पाय असून नसल्यासारखे, वजन जेमतेम तीन किलो.

"भावोजी, ही ससे धरायची जात," मेहुणीने जाताना बजावलं होतं. "सशाच्या बिळात शिरता यावं म्हणून मुद्दाम एवढी बारीक केलेली. कुठे फट दिसली की ही आत."

"आमच्याकडे ससे नाहीत."

"फटी आहेत ना?"

कुत्रीचं खरं नाव लांबलचक आणि परदेशी होतं. कारागिराच्या बायकोने पहिल्याच दिवशी तिला 'शेंग' म्हणायला सुरुवात केली, आणि शेंगेनेही ते विनातक्रार मान्य केलं.

सातव्या दिवशी सकाळी कारागिराला एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा सोफा पोचवायचा होता. या बाईंनी त्याला पाचवीत शिकवलं होतं. त्याला चाळीस वर्षं झाली, तरी त्यांचा फोन आला की तो उभा राहून बोलायचा. सोफा उलटा करून ठेवला होता, तळाचं काळं कापड तेवढं लावायचं राहिलं होतं. तो चहा पिऊन आला, कापड ताणलं आणि खटाखट पिना मारून मोकळा झाला. सोफा सुलटा केल्यावर बैठकीत एक फुगवटा दिसला. त्याने तळव्याने थोपटला, तर तो हळूच बाजूला सरकून नाहीसा झाला. नवा फोम आपला आपण जागेवर बसतोय हे पाहून कारागिराला समाधान वाटलं. टेम्पो आला, सोफा गेला.

दुपारी जेवताना बायको म्हणाली, "शेंग सकाळपासून दिसली नाही."

"झोपली असेल कुठेतरी," असं म्हणता म्हणता त्याचा घास हातातच राहिला.

"काय झालं?"

"बाईंचा सोफा दिला ना आज."

"मग?"

"त्यात आहे ती. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे आहे."

बायकोने शांतपणे त्याच्या पुढचं ताट उचललं. "माझी बहीण उद्या येतेय," एवढंच ती म्हणाली.

हत्यारांची पिशवी घेऊन तो स्कूटरवरून निघाला. वाटेत त्याने मनाशी बरीच जुळवाजुळव केली. तुमच्या सोफ्यात मी कुत्री शिवली, हे बाईंना सांगण्याची त्याची छाती नव्हती.

बाई सोफ्याच्या बरोबर मधोमध, गुडघ्यांवर जाड शाल घेऊन वाचत बसल्या होत्या. अंगाने त्या भरभक्कम. कारागिराने आधी बैठक किती दबलीय ते पाहिलं.

"काय रे?"

"एक स्प्रिंग तपासायची राहिली, बाई."

"कुठली?"

"मधली."

"मी मधेच बसलेय. काही टोचत नाही."

"तरी पण... जरा उठता का?"

"एवढा धडा संपू दे."

तो उभा राहिला. धडा सात पानांचा निघाला. सोफ्यातून ना हूं ना चूं. आत्तापर्यंत निदान कुरकुर तरी ऐकू यायला हवी होती.

अखेर बाई शाल छातीशी गोळा करून उठल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. त्याने सोफा उलटा केला. एका कोपऱ्यातल्या चार पिना निघालेल्या होत्या आणि कापड लोंबत होतं. त्याने उरलेल्या पिना भराभर उपटल्या, खांद्यापर्यंत हात घातला, टॉर्च मारून प्रत्येक स्प्रिंग पाहिली. हाताला चार तांबूस केस लागले, बस.

म्हणजे ती टेम्पोतूनच पडली असणार. एवढासा जीव, वाहनांचा रस्ता. तो फरशीवर तसाच बसून राहिला.

"सापडली स्प्रिंग?" बाईंनी विचारलं.

"बाई, मी खोटं बोललो," तो मान खाली घालून म्हणाला. मग फुगवट्यापासून मेहुणीपर्यंत सगळं त्याने एका दमात सांगितलं. "सारखी पायात यायची. राग यायचा मला. आता वाटतं, एकदा तरी नीट उचलून घ्यायला हवी होती."

"आल्या आल्या का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कुत्रीची?"

"तुमची."

बाईंना हे उत्तर पटलेलं दिसलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मांडीवरची शाल बाजूला केली. आत शेंग गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं.

"अकरा वाजता सोफा भुंकला," बाई म्हणाल्या. "पक्कडीने चार पिना मीच काढल्या. तू खरं कधी बोलतोस ते बघत होते."

कारागिराने डोळे पुसले आणि शेंगेला घ्यायला हात पुढे केले. बाईंनी शाल पुन्हा ओढली.

"मेहुणी उद्या येणार ना? मग हिला आज इथेच राहू दे. घरी सांग, कुत्रीने धास्ती घेतलीय, डॉक्टरांनी हलवायला मनाई केलीय."

शालीतून घोरण्याचा बारीक आवाज येत होता. कारागीर घुटमळला. "पण बाई, डॉक्टर तर कुणी... म्हणजे हे खोटं..."

बाईंनी पुस्तक उघडून नाकासमोर धरलं.

"तू पिना मार," त्या म्हणाल्या. "आणि हळू मार. ती झोपलीय."