दाढेची पाठराखीण

सासूबाईंच्या दाढेसाठी नेमलेल्या अँटिबायोटिकबाई मंगळवारी सकाळी, ऑपरेशनच्या बरोबर एक तास आधी, बसमधून उतरल्या. हातात एकच पिशवी होती.

वरच्या जबड्याला हाड कमी पडत होतं. म्हणून डॉक्टर मिठारी सायनसचा तळ जरासा उचलून तिथे नवं हाड बसवणार होते, आणि पुढे त्यावर दाढ. नवं हाड परक्या घरी येतं, तेव्हा सोबत पाठराखीण हवीच. मुक्काम डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट होता : बुधवारी सकाळी परत.

ऑपरेशन छान झालं. बाई दिवाणावर ताठ बसून राहिल्या. मोरीतले जंतू दिवसभर भिंतीला चिकटून, मान खाली घालून होते.

संध्याकाळी सासऱ्यांनी मुदतवाढीचा अर्ज लिहिला. ते पंचायत समितीतून निवृत्त झालेत. सात दिवस, तीन प्रती, कारणाच्या रकान्यात 'काळजी'. सासूबाईंनी सुजल्या गालाने सही केली. पाहुणी चार दिवस जास्त राहिली तर बिघडतं काय, असं त्यांचं म्हणणं होतं. बुधवारी सकाळी बाईंच्या चपला सापडल्या नाहीत आणि पहिली बस गेली.

दहाच्या सुमारास मोरीतला एक जंतू बाहेर आला आणि त्याने बाईंना विचारलं, चहा झाला का?

बाई उठून थेट स्वयंपाकघरात माझ्याकडे आल्या. चेहरा उतरला होता.

"आणखी राहिले तर हे मला मावशी म्हणायला लागतील. मग उद्या खरंच दुखणं आलं आणि मला बोलावलंत, तर घाबरणार कोण?"

लग्नाला दीड महिना झाला होता. तोवर मी घरात 'हो' आणि 'वाढू का?' एवढंच बोलले होते. पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि बाहेर गेले.

"आई, माझी पाठराखीण दोन दिवसांत परत गेली. राहिली असती, तर तुम्ही अजून तिच्यामार्फतच माझ्याशी बोलला असता."

सासूबाईंना हसू आलं. टाक्यांमुळे त्यांनी ते गालातच धरलं.

"आणि हाड नाही रुजलं तर? पिकलं तर?"

"तर डॉक्टरांना दाखवू. त्यांनी बोलावलं की या येतील. पण तेव्हा यांचा वचक शिल्लक हवा ना."

सासूबाईंनी गादीखालून चपला काढल्या. सासऱ्यांनी तिन्ही प्रतींवर 'निकाली' लिहून फाईल बांधली.

मी बाईंची ओटी भरली : तांदूळ, नारळ, खण. साडेअकराच्या बससाठी त्या निघाल्या तेव्हा चहा विचारणारा जंतू उंबऱ्यावर बसला होता. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

तो उठला आणि मुकाट्याने बाजूला झाला.