सिंहमहाराजांच्या गोधडीचं अस्तर

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी आपापल्या केसांत झोपत असत आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे.

मग एका हिवाळ्यात सिंहमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणचाराला गेले. तिथल्या राजाने त्यांना झोपताना गोधडी पांघरायला दिली. महाराज परत आले ते तोंड पाडूनच.

"आपल्या जंगलात काय काय आहे?" त्यांनी दरबारात विचारलं.

"सगळं आहे, महाराज," कोल्हा म्हणाला. कोल्हा प्रधान होता. प्रधानाने हे उत्तर आधी द्यायचं असतं आणि प्रश्न नंतर ऐकायचा असतो.

"गोधडी आहे?"

कोल्ह्याने शेपूट एकदा या बाजूची त्या बाजूला घेतली. "आज नाही, महाराज. पण दोन दिवसांत असेल."

आता गोधडी म्हणजे काय, ते नीट ऐका. गोधडीला तीन थर असतात. वरचा थर सगळे बघतात. मधल्या थराने ऊब येते. आणि खालच्या थराला म्हणतात अस्तर. त्याच्याकडे कोणी बघत नाही. वरच्या दोघांना धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. हे लक्षात ठेवा. जंगलात कोणी ठेवलं नाही.

मधल्या थरासाठी लोकर हवी होती. जंगलात मेंढी एकच. तिचं नाव गोजराबाई. जंगलात मेंढी कुठून आली, असं विचारू नका. कळपातून चुकली होती आणि वाट विचारायला तिला लाज वाटली. सिंहमहाराज तिला खात का नव्हते, हे मात्र विचारा. पाहुणे आले की महाराज तिला समोर उभं करत आणि म्हणत, "बघा, आमच्या राज्यात मेंढीसुद्धा सुखात आहे." पाहुणे वाहवा करत. पाहुणे नसले की गोजराबाई जरा लांबच राही.

"गोजराबाई," कोल्हा तिला म्हणाला, "सगळी लोकर द्या. गोधडी झाली की पहिली रात्र तुम्ही तिच्याखाली झोपायचं. महाराजांनी शब्द दिलाय."

"आणि तोवर?"

"तोवर काय? हाताने थोडंच शिवायचंय? यंत्र आणलंय आम्ही. चौकटीवरचं!"

गोजराबाई भाबडी होती. तिने सगळी लोकर कातरू दिली. लोकर निघाल्यावर ती इतकी एवढीशी उरली, की कोल्ह्याने इकडे तिकडे बघून विचारलं, "गोजराबाई कुठे गेल्या?"

"इथेच आहे," गोजराबाई कुडकुडत म्हणाली.

मग पोपटाने दवंडी पिटली. महाराजांच्या गोधडीसाठी कापड द्या हो! ज्याचं कापड, त्याचं नाव त्यावर रेशमात भरलं जाईल हो!

अहाहा, काय गर्दी झाली! मोराने निळा शालू आणला. चितळाने ठिपक्यांचं कापड आणलं, बिबट्याने त्याहून मोठ्या ठिपक्यांचं. माकडाने तर चोळीखणाएवढा तुकडा दिला आणि नाव भरायला धोतराएवढी जागा मागितली. वरचा थर वाढत वाढत ओढ्यापर्यंत गेला. माशांनीही नावं दिली.

"आणि अस्तर?" कोल्ह्याने विचारलं.

सगळे एकदम आभाळाकडे बघायला लागले.

"अस्तरावर नाव कुठे भरणार?" मोराने विचारलं.

"खालच्या बाजूला."

"म्हणजे माझं नाव महाराजांच्या पोटाखाली? आणि मग ते वाचणार कोण?"

खरंच होतं त्याचं. महाराजांच्या पोटाखाली जाऊन वाचणारे परत येऊन सांगत नसत. शेवटी म्हाताऱ्या घुबडाने आपलं जुनं धोतर दिलं, आणि तेसुद्धा वाळत घातलेलं परत काढून घ्यायचा कंटाळा आला म्हणून.

आता यंत्र सांगतो. वडाखाली मोठी लाकडी चौकट उभी केली होती. तिला दोन रूळ. एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंत अस्तर ताणायचं, त्यावर लोकर पसरायची, त्यावर वरचा थर. दोन्ही बाजूंनी अस्तराची कड चिमट्यांनी घट्ट धरायची. चिमटे म्हणून खेकडे बसवले होते. एकमेकांचे पाय सोडून दुसरं काही ओढायची खेकड्यांची ही पहिलीच वेळ. सगळं सपाट ताणलं, की वरून सुई धावायची आणि तिन्ही थर शिवून काढायची. सुई धावावी म्हणून मागे एक चाक होतं आणि चाकाला गवा जुंपला होता. गव्याचं एक असतं. तो चालायला लागला की लागला. त्याला थांबा म्हटलेलं कळत नाही, आणि कळलं तरी पटत नाही.

धोतर रुळाला लावलं. डाव्या खेकड्यांनी कड पकडली. उजवे खेकडे नांग्या उघडून बसून राहिले. त्यांच्यापर्यंत अस्तर पोचलंच नाही. चांगलं हातभर कमी पडलं.

"आता?" गोजराबाईने विचारलं. तिला घाई होती. रोज पहाटे तिच्या पाठीवर दव पडत होतं.

"सोपं आहे," कोल्हा म्हणाला. "एक तर अस्तराला पट्टी जोडायची, नाही तर वरचा थर लहान करायचा."

"मग करा ना!"

"वरचा थर लहान करायचा तर कोणाचं नाव कापू?"

माकडाने आपलं नाव दोन्ही हातांनी झाकलं.

"मग पट्टी जोडा," गोजराबाई म्हणाली. "मोरदादांच्या शालूचा काठ उरलाय. तो जोडा."

"अस्तराला?" मोर इतका दुखावला, की त्याचा पिसारा आपोआप मिटला. "खाली? तिथे?"

म्हणून अस्तर सुधार समिती नेमण्यात आली. समितीत हत्ती होता, कारण तो मोठा होता. घुबड होतं, कारण धोतर त्याचं होतं. आणि कोल्हा होता, कारण तो सगळ्याच समित्यांत असे.

हत्ती म्हणाला, "ओढून बघू." त्याने सोंडेने धोतर ओढलं. ते लांब झालं खरं, पण लांबायला कापड कुठून तरी यायला हवं ना? ते रुंदीतून आलं. आता उजवीकडे दोन हात कमी पडायला लागलं.

"प्रगती आहे," कोल्हा म्हणाला. "निदान लांबीचा प्रश्न सुटला."

मग खेकड्यांना एकदम आडवं ओढायला सांगितलं. खेकडेच ते. प्रत्येकाने आपल्या तिरक्या वाटेने ओढलं. धोतर तिरपं झालं, इतकं की गोधडी पतंगासारखी दिसायला लागली. समितीने बराच वेळ बघितलं. घुबडाने बघताना मान कलती केली आणि त्याला गोधडी सरळ दिसली.

दुसऱ्याच दिवशी पोपटाने दवंडी पिटली. गोधडीकडे बघताना सर्वांनी मान डावीकडे कलती करावी हो! सगळे मान कलती करून हिंडायला लागले. चितळं झाडांवर आपटत होती, पण गोधडी सरळ होती.

तिरप्या अस्तराला चुण्या पडल्या. चुण्या जाव्यात म्हणून त्याला तांदळाची खळ लावली. ती रानडुकरांनी चाटून खाल्ली. मग इस्त्री म्हणून हत्ती त्यावर बसला. चुण्या गेल्या, पण मधोमध हत्तीचा आकार आला. समितीने तो नक्षी म्हणून मंजूर केला.

हसू नका. इकडे गोजराबाईचं काय झालं असेल, ते बघा. ती कुडकुडत होती. तिचे दात वाजत होते, ते इतके मोठ्याने, की समितीत काय चाललंय ते समितीला ऐकू येईना.

"कोण आवाज करतंय?" हत्ती ओरडला.

"मी," गोजराबाई म्हणाली. "गोधडी झाली का?"

कोल्ह्याने तिच्याकडे पाहिलं. मग अस्तराच्या उजव्या कडेकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्या दातांकडे. बुद्धिमान प्राण्याच्या डोक्यात विचार येतो तेव्हा तो असाच दिसतो, मुलांनो. आपण तेव्हा पळून जावं.

"गोजराबाई," तो गोड आवाजात म्हणाला, "ही कड जरा दातांत धरता का? तुम्ही चौकटीच्या आत वाकून इथवर पोचता. कापड दातांत असलं की दातही वाजणार नाहीत. तुमचाही प्रश्न सुटला, आमचाही."

"किती वेळ धरायची?"

"गोधडी होईपर्यंत. लवकर व्हावी असं तुम्हालाच वाटतंय ना?"

गोजराबाईने कड दातांत धरली आणि मागचे पाय रोवले. अस्तर ताणलं गेलं. एक चुणी नाही, एक झोळ नाही! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी मानाही सरळ केल्या.

शिलाईचा समारंभ ठरला. महाराज आयाळ विंचरून आले. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, कारण भरल्या पोटी गोधडीचं उद्घाटन करू नये, असं कोल्ह्याने नुकतंच ठरवलं होतं. महाराजांनी पंजा उंचावला. गवा चालायला लागला. सुई धावायला लागली.

काय सांगू तुम्हाला! टाका टाक्याला लागून पडत होता. मोराचं नाव शिवलं गेलं, चितळाचं शिवलं गेलं. अर्धी गोधडी झाली. महाराज कौतुकाने चौकटीवर वाकून बघायला लागले. आयाळ कापडावर लोळायला लागली. आणि बघता बघता त्यांची नजर गेली गोजराबाईकडे. ती उघडीबोडकी, डोळे मिटून, कड धरून उभी होती.

महाराजांना एकदम आपलं मन मोठं झाल्यासारखं वाटलं. समारंभात असं होतं.

"काय गोजराबाई," ते म्हणाले, "काही अडचण तर नाही ना?"

आता महाराजांनी विचारल्यावर उत्तर न देणं म्हणजे अपमान. गोजराबाईने नुसती मान हलवली. मानेबरोबर अस्तर हललं आणि माकडाच्या नावाची शिवण वाकडी गेली. माकड ओरडलं.

"नाही, महाराज," कोल्हा घाईघाईने म्हणाला. "त्या अत्यंत समाधानी आहेत."

"तू गप्प बैस. त्यांना बोलू दे." महाराजांना स्वतःचाच आवाज फार आवडला होता. "बोला गोजराबाई. अगदी मोकळेपणाने बोला. आमच्या राज्यात सगळ्यांना तोंड उघडायची मुभा आहे."

सगळे प्राणी गोजराबाईला खुणा करायला लागले. नको, नको, नको. पण इतक्या दिवसांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तोंड उघडलं.

"थंडी वाजते, महाराज."

सप्पकन अस्तर सुटलं. ते गोळा होऊन पलीकडे गेलं ते थेट महाराजांच्या आयाळीत. लोकर उडाली, वरचा थर खाली आला, खेकडे आभाळात गेले. "थांब! थांब!" सगळे ओरडले. गवा चालतच होता. सुईने अस्तर शिवलं, लोकर शिवली, आयाळ शिवली आणि वर मोराच्या नावातला काना पुन्हा एकदा घट्ट करून टाकला.

गोधडी झाली. तिच्या एका टोकाला महाराजांचं तोंड होतं.

"उसवा!" महाराज म्हणाले.

"हो, महाराज," कोल्हा म्हणाला. "फक्त मोराच्या नावापासून उसवावं लागेल."

"मुळीच नाही," मोर म्हणाला. "आता कुठे ते नीट दिसायला लागलंय."

उसवण्यासाठी समिती नेमली. तोवर पोपटाने दवंडी पिटली. महाराज गोधडीशी एकरूप झाले हो! प्राण्यांनी माना कलत्या करून जयजयकार केला. तो ऐकून महाराजांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर त्यांना दिलेला शब्द आठवला.

"गोजराबाई," ते गोधडीतून म्हणाले. "या. पहिली रात्र तुमची. शब्द म्हणजे शब्द." आणि त्यांनी पंजाने गोधडीचं एक टोक वर उचललं.

गोजराबाईने आत पाहिलं. आत तिचीच लोकर होती, पांढरी, मऊ. तिची ऊब बाहेर उभ्या गोजराबाईच्या नाकाला लागली. ती एक पाऊल पुढे झाली.

तेवढ्यात महाराजांचं रिकामं पोट गुरगुरलं. गोजराबाईने आजूबाजूला बघितलं. पाहुणा एकही नव्हता.

"नको, महाराज," ती म्हणाली. "आता नाही वाजत थंडी."

"बघा!" महाराज दरबाराला म्हणाले. "मोकळेपणाने बोललं की अडचण कशी लगेच दूर होते!"

सगळे आपापलं नाव बघायला गोधडीभोवती जमले. गोजराबाई मागे गेली. तिथे गवा अजून चाक फिरवत होता. शिवायला काही उरलं नव्हतं, पण त्याला कोण सांगणार? त्याच्या घामेजल्या अंगातून वाफा निघत होत्या. गोजराबाई त्याच्या पोटाला खेटून चालायला लागली. त्याने तिला काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. दोघं गोल गोल चालत राहिली.

तात्पर्य : अस्तर कमी पडलं तर काही बिघडत नाही. फक्त त्याची कड ज्याच्या दातांत दिली असेल, त्याला "काही अडचण आहे का?" असं कधीही विचारू नये.